आईची तब्येत सुधारली

आमच्या घरात ‘दमा’ हा शब्द कुणी उच्चारत नसे. आईला ‘धाप लागते’, एवढंच म्हणायचं. पाहुणे आले असतील तर तेही नाही. मग ‘जरा थकलीय’. मी एकदा, बहुधा नववीत असताना, शेजारच्या काकूंसमोर बोलून गेले, ‘‘आईला दम्याचा त्रास आहे ना, म्हणून ती झाडू मारताना तोंडाला पदर बांधते.’’ काकू गेल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘घरात दोन पोरी आहेत. हा आजार आईकडून लेकीकडं जातो असं लोक म्हणतात. पुन्हा तो शब्द काढू नकोस.’’

तेव्हा आम्ही भायंदर पूर्वेला चाळीतल्या एका खोलीत राहत होतो. बाबा स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करायचे. आई जेसल पार्कमधल्या बिल्डिंगींत धुणीभांडी आणि केरलादी करायची. दोघंही रायगडातल्या एका बौद्धवाडीतून लग्नानंतर इकडं आलेली. ताई दहावीनंतर शिवणकाम शिकली. मी कॉमर्सला गेले. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळं इंग्रजीत लिहिलेलं काहीही आलं, विजेचं बिल असो की साबणाचं वेष्टन, ते माझ्यापुढं धरलं जायचं. मला त्यातलं अर्धंच कळायचं, पण सगळं कळल्यासारखी मान हलवावी लागायची.

आई मुळात काटकुळी. धाप लागली की तिच्या गळ्याखालचा खड्डा आत ओढला जायचा आणि खांदे वर यायचे. आडवं होता यायचं नाही. पत्र्याच्या पेटीवर उशा रचून ती त्यांवर डोकं टेकून बसायची. तिची छाती बोलायची ते आम्हाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचं. चाळीतल्या बायका मागून म्हणायच्या, ‘‘नवरा खायला घालत नाय वाटतं.’’ बाबांच्या कानावर ते यायचं. भांड्यांना चकाकी आणणाऱ्या माणसाची बायको अशी निस्तेज, हे त्यांना फार लागत असावं.

मग आम्हाला ते डॉक्टर सापडले. त्यांचा दवाखाना रस्त्यालगतच्या एका गाळ्यात होता. पुढं बाकडं, मागं पडदा, पडद्याच्या पलीकडं गोळ्यांच्या मोठमोठ्या बरण्या. डॉक्टर मूळचे कुठले कोण जाणे, सगळ्या भाषा अर्ध्या-अर्ध्या बोलायचे. आईला बघितलं की बाकड्यावरच्या बाकीच्यांना म्हणायचे, ‘‘सरको जरा, मावशी को आने दो.’’ एक सुई द्यायचे आणि कागदाच्या पुड्या बांधून द्यायचे. पुडीत एक पिवळी गोळी, एक गुलाबी, आणि एक अगदी छोटी पांढरी. चिठ्ठी कधीच नाही. गोळीचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. पुडीतल्या गोळीला नाव असतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

गुण मात्र आला. हे मी प्रामाणिकपणे लिहायला हवं. त्या पुड्या सुरू झाल्यावर आई पाठ टेकून झोपू लागली. तिला भूक लागू लागली. दोन भाकऱ्या खाणारी आई चौथी मागू लागली तेव्हा बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि काही महिन्यांत तिचा चेहरा भरला. गाल वर आले, हनुवटीखाली मांस आलं, मान रुंद झाली. ब्लाऊज दंडात बसेनात म्हणून ताईनं सगळ्यांच्या बाह्या उसवून सैल केल्या आणि ते काम ती गाणी गुणगुणत करत होती.

माणूस भरला म्हणजे बरा झाला, हे आमच्याकडं कुणी कुणाला शिकवत नाही. वाळलेली माणसंच जिथं जास्त, तिथं ते आपोआप कळतं. जेसल पार्कच्या शेठाणी म्हणायच्या, ‘‘क्या खाती हो बाई? मेरे को भी बताओ.’’ आत्या गावाहून आली आणि दारातच थबकली.

‘‘अगं बया! ही वैनी का तिची मोठी बहीण?’’

‘‘चेष्टा नका करू, वन्सं.’’

‘‘चेष्टा कसली? भाऊ, भायंदर मानवलं हो हिला. आता गावाला आणा एकदा, बघू देत जळणाऱ्यांना.’’

बाबा खरंच तिला गावाला घेऊन गेले. बुद्धपौर्णिमेला वाडीतल्या विहारासमोर सगळ्या बायका तिच्याभोवती गोळा झाल्या होत्या. आई लाजत होती. माझ्या आठवणीत तिला कुणी असं निरखून बघून तिचं कौतुक केलेलं ते पहिलंच. तिच्या मनगटावर निळे डाग पडायचे, नुसती बांगडी घासली तरी. मानेच्या मागं एक उंचवटा आला होता. पण गालांकडं बघणारा माणूस मानेच्या मागं कशाला बघेल?

मी दुसऱ्या वर्षाला असताना डॉक्टर त्यांच्या गावी गेले आणि दवाखान्याचं शटर बरेच दिवस बंद राहिलं. आईच्या पुड्या संपल्या. मी रिकामा कागद घेऊन औषधाच्या दुकानात गेले.

‘‘कोणती गोळी?’’ दुकानदारानं विचारलं.

‘‘पांढरी. छोटी.’’

तो मागच्या भिंतीकडं वळला, मग माझ्याकडं. ‘‘ताई, ही सगळी भिंत पांढऱ्या छोट्या गोळ्यांचीच आहे.’’

त्याच आठवड्यात आईला असा झटका आला की तिचे ओठ काळसर पडले. तिला एक अख्खं वाक्य बोलता येईना, ‘‘पा...’’ म्हणायची आणि थांबायची, ‘णी’साठी श्वास उरायचा नाही. भर दुपारी बाबांनी तिला उचलून रिक्षात घातलं आणि आम्ही मुंबईच्या बाजूच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात गेलो. तिथं तिला ऑक्सिजन लावला, शिरेतून औषध दिलं. ती वाचली.

वॉर्डात छातीच्या एक डॉक्टरीणबाई यायच्या. वयानं ताईपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी आईचा गाल अंगठ्यानं हलकेच दाबला, मान वळवून मागचा उंचवटा बघितला, दंडावरची कातडी चिमटीत धरली. मग माझ्याकडं वळल्या.

‘‘आधीपासून अशा होत्या का या?’’

मी जरा अभिमानानंच म्हणाले, ‘‘नाही मॅडम. आधी खूप बारीक होती. आता तब्येत सुधारली.’’

त्यांनी आईच्या दंडावर पदर सारखा केला. मग म्हणाल्या, ‘‘ही तब्येत नाही. ही सूज आहे.’’

पुढं त्यांनी जे सांगितलं ते मला जसं समजलं तसं लिहिते. ती पांढरी गोळी स्टेरॉइडची असणार. झटका आला की ते औषध लागतंच, तेव्हा त्यानं जीव वाचतो. पण रोज, वर्षानुवर्षं पोटात घेतलं की ते हाडं पोकळ करतं, साखर वाढवतं, कातडी पातळ करतं, आणि चेहरा असा चंद्रासारखा गोल होतो. रोजच्यासाठी पंप असतो. त्यात तेच औषध अगदी थोडं असतं आणि ते सरळ छातीत जातं. त्यांनी स्वतःच्या खिशातला, शिकवण्यासाठीचा बिनऔषधाचा पंप काढून आईला दाखवलं: हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, दाबताना सावकाश आत ओढायचा, आत धरून ठेवायचा, नंतर चूळ भरायची. आईनं पहिल्यांदा दाबला तेव्हा सगळा धूर नाकातून आणि ओठांतून बाहेर आला. त्यांनी तिच्याकडून तो परत परत करून घेतला. बाहेर रांग होती, तरी करून घेतला.

‘‘आणि गोळी एकदम बंद करायची नाही,’’ त्या आईला म्हणाल्या. ‘‘शरीराला तिची सवय झालीय. या वेळी एकदम सुटली म्हणून तर एवढं झालं. पंप लागू पडला की हळूहळू कमी करू. पण तुमच्या डॉक्टरांकडून गोळीचं नाव आणि ताकद आणा. माहीत नसेल तर मी कमी कशातून करू?’’

नाव आणायला अर्थातच मी गेले. डॉक्टर गावाहून परतले होते. बाकडं गच्च भरलेलं. माझा नंबर आला तेव्हा मी घरून घोकून आणलेलं वाक्य विसरले आणि सरळ विचारलं, ‘‘डॉक्टर, आईची ती पांढरी गोळी कसली असते?’’

ते हसले. ‘‘कॉलेज जाती है ना तू? काय शिकते?’’

‘‘कॉमर्स.’’

‘‘मग हिशेब शिक बेटा. डाक्टरी मला करू दे.’’

बाकड्यावरची दोन माणसं हसली. मी तिथंच उभी राहिले. मोठ्या इस्पितळातल्या मॅडमनी नाव मागितलंय, असं मी पुन्हा म्हणाले. तेव्हा त्यांचं हसू गेलं. आवाज खाली आणून ते म्हणाले, ‘‘नाव सांगितलं की उद्या दुकानातून स्वतः आणणार, परवा शेजारणीला देणार. इथं हेच होतं. आणि एक लक्षात ठेव. तुझ्या मॅडमकडं मशीन आहे, वॉर्ड आहे. माझ्याकडं येणाऱ्या बाईला उद्या सकाळी भांड्यांना जायचं असतं. तिला आज रात्री झोप पाहिजे. ती मी दिली. नाही दिली का?’’

दिली होती. आजही या माणसाचा नुसता राग करता येत नाही, आणि तेच मला जास्त डाचतं. त्यांनी तिला झोप दिली, आणि ती कशाच्या बदल्यात, ते सांगितलं नाही. मी रिकाम्या हातानं परत आले.

घरी वेगळंच चाललं होतं. ताईला स्थळ आलं होतं. विरारची मंडळी, मूळची आमच्याच तालुक्यातली; मुलगा सरकारी खात्यात शिपाई. आत्यानंच जुळवून आणलेलं. आणि इस्पितळातून मिळालेला, पेटीवर उघड्यावर ठेवलेला पंप बघून तीच घाबरली होती.

‘‘हे कशाला आणलंत घरात? आमच्या शेजारच्यानं हा पंप लावला आणि वर्षात गेला. पंप म्हणजे शेवटचं असतं, वैनी. एकदा लागला की सुटत नाय.’’

मी म्हणाले, ‘‘आत्या, सुटत नाही ती गोळी. पंप नाही.’’

‘‘तू गप. चार बुकं शिकली म्हणून काय पण.’’

बाबा कोपऱ्यात नखांतलं काळं पॉलिश काढत बसले होते. ते वर न बघता म्हणाले, ‘‘लग्न होऊ दे. मग काय ते पंपाचं बघू.’’

मी आईकडं बघितलं. मला वाटलं होतं ती माझी बाजू घेईल, इस्पितळात तिनंच तर सगळं ऐकलं होतं. तिनं पंप उचलला आणि ताईच्या सुईदोऱ्याच्या डब्यात खाली सरकवला. ‘‘माझी छाती माझ्यापाशी,’’ ती म्हणाली. ‘‘लग्न सगळ्यांचं आहे.’’

पाहुणे बघायला आले त्या सकाळी आईनं डॉक्टरांकडून सुई घेतली आणि त्यांनी वाढवून दिलेल्या गोळ्या घेतल्या. उठलं की धाप लागेल म्हणून ती कॉटवरून एकदाही उठली नाही. पाहुण्यांना तो तिचा रुबाब वाटला. ताईनं पोहे आणले. मुलाच्या आईनं तिला एखाद-दुसरं विचारलं आणि मग सगळा वेळ माझ्या आईकडंच बघत राहिली.

‘‘मी तर म्हणते, मुलगी करायची तर आधी तिची आई बघावी,’’ ती म्हणाली. ‘‘मुलगी काय, आज आहे तशी उद्या राहत नाही. आई बघितली की पुढचं कळतं. या कशा भरलेल्या आहेत!’’

मुलाचा मामा म्हणाला, ‘‘या भायंदरच्या खाऱ्या पाण्यावर एवढी तब्येत! दाजी, आपण पण इकडंच रूम घेऊ.’’

सगळे हसले. बाबाही हसले. आई हसली, पण तोंड मिटून, कारण हसताना श्वास सुटला की घरघर ऐकू येते. स्थळ जुळलं. ताई एवढी खूश होती, की तिला काही सांगणं म्हणजे तिच्या ताटात माती टाकण्यासारखं होतं.

लग्नापर्यंतचे ते महिने आई पुड्यांवरच राहिली. लग्न हॉलमध्ये झालं. आईनं पांढरी साडी नेसली होती. वंदनेच्या वेळी अगरबत्तीचा धूर सरळ तिच्या अंगावर येत होता आणि ती हटत नव्हती. मी शेजारी उभी होते. दोन शब्द झाले की तिचा आवाज तुटायचा, तिसरा ओठांनी नुसता आकार घ्यायचा. पण माइकवर म्हणणाऱ्याचा आवाज मोठा होता, कुणाला कळलं नाही. त्या दिवशीचा तिचा फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे. येणारा प्रत्येक माणूस म्हणतो, तुझी आई काय दिसायची!

लग्नानंतर थोड्याच दिवसांत, जेसल पार्कमध्ये एका घरी गादी गुंडाळताना आई वाकली आणि तिच्या पाठीत काहीतरी कट्कन वाजलं. ती तिथंच बसली. तिला न्यायला मला बोलावलं तेव्हा शेठाणी दारात उभी होती. ‘‘इतनी मोटी-ताजी बाई,’’ ती म्हणाली, ‘‘और एक गद्दी नहीं उठती?’’

मणका दबला होता. त्याच डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरून बघितला. त्या आईला रागावतील असं मला वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. ‘‘पंप कुठाय?’’ एवढंच त्यांनी विचारलं. या वेळी बाबा स्वतः दवाखान्यात गेले आणि गोळीचं नाव घेऊन आले. ते कसं आणलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर रस्त्यात दिसले तेव्हा मला बघून त्यांनी तोंड फिरवलं.

मग पंप रीतसर सुरू झाला. गोळी फार सावकाश उतरली, मध्ये दोनदा परत वाढवावी लागली. पण शेवटी आई चाळीच्या विहिरीपर्यंत न थांबता जाऊ लागली. छाती बोलायची थांबली. पाठ मात्र वाकलेलीच राहिली, उंची कमी झाली, जुन्या साड्या पायांत येऊ लागल्या. आणि चेहरा ओसरला. गाल पहिल्यासारखे बसले, वर कातडी सैल. आता तेच लोक म्हणू लागले, ‘‘काय दशा करून घेतली! पंपानं खाल्लं हिला.’’ आई पंप घ्यायला न्हाणीत जायची. नळ सोडायची, पाण्याच्या आवाजात ‘फुस्स’ ऐकू येऊ नये म्हणून. मी म्हणायचे, आता कुणापासून लपवतेस? ती म्हणायची, ‘‘ताईच्या घरी कळलं तर?’’

ताईला पहिलं मूल झाल्यावर आम्ही बाळाच्या वाढदिवसाला विरारला गेलो. बरेच महिने भेट नव्हती. दार ताईच्या सासूबाईंनी उघडलं आणि हाताला धरून ताईला पुढं आणलं.

‘‘बघा विहीणबाई! तुमच्याकडून काडी आणली होती. आमच्याकडं कशी भरली!’’

ताईचे गाल वर आले होते. हनुवटी गोल. ती हसत होती, खरंच खूश दिसत होती. आई दारातच उभी राहिली. मग पुढं होऊन तिनं ताईची हनुवटी धरली आणि अंगठ्यानं गाल हलकेच दाबला, अगदी त्या डॉक्टरीणबाईंसारखा. बांगड्यांखाली ताईच्या मनगटावर निळा डाग होता.

‘‘कुठला डॉक्टर?’’ आईनं विचारलं.

‘‘हाय इथलाच,’’ ताई म्हणाली. ‘‘बाळ झाल्यावर जरा धाप लागायची. खूप गुण आहे त्यांच्या हाताला. पुड्या देतात.’’

आई आत येऊन कॉटवर बसली. सगळे समोर होते: सासूबाई, सासरे, जावई, केक कापायला आलेली शेजारची मंडळी. आईनं पिशवीतून पंप काढला, हलवला, श्वास सोडला, दाबला, सावकाश आत ओढला आणि धरून ठेवला. तिला त्या क्षणी धाप लागलेली नव्हती. पंपाची ती वेळही नव्हती.

‘‘हा दम्याचा पंप आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मला दमा आहे. हिलाही आहे. ही हिची तब्येत नाही, सूज आहे. तुम्ही बघायला आलात तेव्हा माझ्याही अंगावर हीच होती.’’

सासूबाईंना समजायला थोडा वेळ लागला. ‘‘म्हणजे तेव्हापासून माहीत होतं तुम्हाला?’’

‘‘होतं.’’

‘‘आणि आम्ही तुमच्या तोंडाकडं बघून मुलगी केली!’’

आई हात जोडून उभी राहिली, वाकलेली. ‘‘मला काय बोलायचं ते बोला. हिची गोळी एकदम बंद करू नका. मोठ्या इस्पितळात न्या. पंप द्या.’’

जेवण न करताच आम्ही निघालो. जिन्यापर्यंत ताई मागून आली. मला वाटलं ती रडेल. ती दबक्या आवाजात आईला म्हणाली, ‘‘लग्न लावून मोकळी झालीस ना? मग आता कशाला माझ्या घरात ते काढलंस? मला राहायचंय इथं.’’ आई एक पायरी खाली उतरली, मग दुसरी. तिनं मागं बघितलं नाही.

त्यानंतर ताई भायंदरला आली नाही. ना दिवाळीत, ना बाबांना बरं नव्हतं तेव्हा. आईला विरारला बोलावणं नव्हतं. पुढच्या वर्षी मी एकटीच गेले, न कळवता. सासूबाईंनी पाणी दिलं आणि त्या बाळाला घेऊन बाहेर गेल्या. ताई माझ्याशी शिवणाचं बोलली, महागाईचं बोलली, आईचं नाव काढलं नाही. मध्येच उठून न्हाणीत गेली. नळाचा आवाज आला. बादली भरली, भरून वाहू लागली, तरी नळ बंद होईना. मग चूळ भरल्याचा आवाज आला. ती पदरानं तोंड पुसत बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘चहा टाकू?’’

घरी आले तेव्हा आई दारातच बसली होती. ताई कशी आहे, तिनं आपली आठवण काढली का, यातलं आईनं काहीच विचारलं नाही.

‘‘गाल बसलेत?’’

‘‘बसलेत,’’ मी म्हणाले.

आईनं मान हलवली आणि भिंतीला हात लावत सावकाश उठून ती भात टाकायला आत गेली.